पिकअप ट्रकवरची उभी धुराडी आणि मोठा आवाज: आपले मत काय?

कोलंबसकर विचारतात:

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, दक्षिण इंडियानात राहतो. येत्या उन्हाळ्यात फिफ्थ व्हील प्रकारचा कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यातल्या जोडाला अडकवायचे चाकांवरचे घर, ओढत पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्याने पाहण्याचा बेत आहे आणि त्यासाठी मी जुन्या डिझेल पिकअपच्या शोधात आहे. गावाबाहेरच्या एका शेतकरी कुटुंबाकडे २०१४ ची रॅम २५०० विक्रीस आहे. कमिन्सचे ६.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, सांगाड्याला गंज नाही, गिअरबॉक्स उत्तम, आणि किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. मात्र केबिनच्या मागे, हौद्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून, सहा इंच व्यासाची क्रोमची दोन उभी धुराडी छपराच्याही वर गेलेली आहेत. इंजिन आणि धुराडी यांच्यामध्ये ना मफलर (सायलेन्सर) आहे, ना धुराचा फिल्टर. विकणारे गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगतात, की सगळे ‘डिलीट’ केले आहे, म्हणजे धूर स्वच्छ करणारी यंत्रणा काढून टाकली आहे, आता कसली कटकट नाही.

त्यांनी गाडी सुरू केली तेव्हा शेजारच्या शेडचे पत्रे थरथरू लागले आणि धुराड्यांच्या तिरक्या कापलेल्या तोंडांतून काळ्या धुराचा एक झोत वर गेला. आमच्या सतरा वर्षांच्या चिरंजीवांना गाडी पाहताक्षणी आवडली. सौभाग्यवतींना ती तितक्याच वेगाने नावडली, कारण आमच्या वसाहतीत घरे एकमेकांना लागून आहेत आणि मी पहाटे साडेपाचला कामावर निघतो.

या उभ्या धुराड्यांचा काही उपयोग असतो, की ती निव्वळ मिरवण्यासाठी असतात? मोकळ्या एक्झॉस्टमुळे गाडीची ताकद वाढते, या म्हणण्यात कितपत तथ्य आहे? कायद्याच्या दृष्टीने मी कशात पाय घालतो आहे? आणि एक प्रश्न केवळ कुतूहलापोटी: रस्त्यात अशी गाडी शेजारी येऊन उभी राहिली, तर आपल्या मनात प्रामाणिकपणे काय येते?

डिझेलवाला यांचे उत्तर:

मी डिझेल इंजिनांचा धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणांवर बरीच वर्षे काम करत आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे असे कोणी म्हटले तर मी ते नाकारणार नाही. आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. धुराडी ही एक गोष्ट आणि गाडीच्या पोटाखालून जे कापून काढले आहे ती दुसरी. लोक चिडतात ते वर चमकणाऱ्या नळ्यांवर, पण दोष असलाच तर तो खाली आहे. फिल्टर आणि मफलर जागेवर ठेवून शेवटची नळी फक्त वर वळवली, तर गाडी दिसेल भडक, पण धूर आणि आवाज जवळजवळ कारखान्यातून आलेल्या गाडीइतकाच राहील.

उभे धुराडे मुळात कोणाच्या हौसेतून आलेले नाही. शेतातल्या ट्रॅक्टरचे धुराडे वर असते, कारण खाली ठेवले तर धूळ उडते, पिकाला झळ लागते आणि कापणीनंतरच्या वाळल्या पाचटाला आग लागण्याची भीती असते. त्याच्या तोंडावर बिजागरीचे एक झाकण असते. इंजिन बंद असताना ते पाऊस अडवते आणि मंद गतीवर टपटप वाजत राहते. लांब पल्ल्याच्या जुन्या ट्रकांवर, म्हणजे पीटरबिल्ट ३७९ किंवा केनवर्थ डब्ल्यू ९०० यांसारख्या गाड्यांवर, केबिनमागे दोन धुराडी असत. धूर माणसांच्या डोक्यावरून जावा आणि सांगाड्याखालची जागा टाक्यांसाठी मोकळी राहावी, हा त्यामागचा हिशेब होता. आता वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी बहुतेक नव्या ट्रकांचे एक्झॉस्ट खाली गेले आहे. पिकअपला यांपैकी एकही अडचण नव्हती. तिच्यावर धुराडी बसवायची म्हणजे हौद्याच्या तळाला मोठी भोके पाडायची, मालाची जागा घालवायची, मागच्या काचेतून दिसणारा रस्ता थोडा झाकून टाकायचा आणि पावसाचे पाणी नळीत साचू नये म्हणून कोपराच्या तळाला एक बारीक छिद्र ठेवायचे.

ताकदीबद्दल सांगायचे तर टर्बोमधून, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या चक्रातून, बाहेर पडणाऱ्या वायूला अडथळा कमी झाला, तर थोडा फायदा होतो हे खरे आहे. पण नळी वर वळवल्याने काही मिळत नाही, उलट वळणे वाढतात. या गाड्यांची वाढलेली शक्ती प्रामुख्याने संगणकात भरलेल्या ‘ट्यून’मधून येते. इंजिनाला जास्त इंधन पाजले की शक्ती वाढते आणि हवेच्या मानाने इंधन फारच जास्त झाले की काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, आणि त्याचे पैसे आपण पंपावर मोजलेले असतात. ज्याला खरोखर ओढण्याची ताकद हवी आहे, तो मोठा टर्बो लावून धूर कमी करण्याच्या मागे असतो.

आवाजाचेही तसेच आहे. २००७ पासून अमेरिकेतल्या डिझेल पिकअपवर काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला आणि पुढच्या काही वर्षांत नायट्रोजनची ऑक्साइड्स मोडणारी, युरियाचे द्रावण वापरणारी यंत्रणा आली. हे द्रावण म्हणजेच डेफ. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असते. डीपीएफची सच्छिद्र वीट आवाजही गिळते, त्यामुळे ती काढली आणि वर मफलरही काढला, की मधे आवाज अडवणारा केवळ टर्बो उरतो.

आता कायदा. स्वच्छ हवेच्या केंद्रीय कायद्यानुसार, म्हणजे क्लीन एअर ॲक्टनुसार, ही यंत्रणा काढणे आणि ती काढण्यासाठी साधने विकणे बेकायदा आहे. पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला होता, की त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली. अशा गाड्यांपैकी हे प्रमाण साधारण १५ टक्के होते आणि त्यातून होणारे जादा प्रदूषण नव्वद लाख अतिरिक्त ट्रक रस्त्यावर आणण्याइतके होते. कारवाई मात्र मुख्यतः साधने बनवणाऱ्यांवर आणि दुकानांवर झाली आहे, घरगुती वापरकर्त्यांवर क्वचितच. आपल्या इंडियानात उत्सर्जनाची तपासणी लेक आणि पोर्टर या दोनच काउंट्यांत होते, त्यामुळे उद्या सकाळी कोणी दारात येऊन उभे राहील असे मी म्हणणार नाही. तरीही अशी गाडी अनेक डीलर सर्व्हिसला घेत नाहीत आणि विकताना आपल्यालाही ती बाजारभावाखालीच विकावी लागेल. आज आपल्याला जी किंमत स्वस्त वाटते आहे, तिचे कारण हेच आहे.

मक्याच्या देशात यांचे उत्तर:

डिझेलवाला यांचे तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, पण त्यात एक बाजू पूर्णपणे सुटली आहे. मी ओहायोच्या वायव्य भागात राहतो. आमच्या जवळच बोलिंग ग्रीन येथे दर ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर आणि ट्रक ओढण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन ही संस्था १९६९ साली स्थापन झाली, म्हणजे हा खेळ कालपरवाचा नाही. मातीच्या धावपट्टीवर एक भली मोठी स्लेज ओढायची असते. गाडी पुढे जाईल तसे स्लेजवरचे वजन सरकत पुढे येते आणि गाडीला जमिनीशी जखडत जाते. बैलगाडा शर्यतीच्या गावात वाढलेल्या माणसाला या खेळाची गोडी समजावून सांगावी लागत नाही.

तिथे उभे धुराडे ही मिरवण्याची वस्तू नसून गरज आहे. चाळीस-पन्नास पौंडांच्या दाबाने फिरणारा टर्बो फुटला, तर त्याचे तुकडे एक्झॉस्टमधून बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर येऊ शकतात. म्हणून धूर सरळ आकाशाकडे सोडतात आणि त्या नळीत टर्बोजवळ आडवे-उभे बोल्ट फुलीसारखे बसवलेले असतात. बॉनेटमधून वर आलेले ते ठेंगणे धुराडे, हिरवा झेंडा पडल्यावर त्यातून उसळणारा काळा खांब, आणि बसल्या जागी छातीत जाणवणारा तो घुमार. मी त्यासाठी तिकीट काढतो आणि कानांत बोळे घालून पहिल्या रांगेत बसतो.

आमच्या गावातली जी मुले पिकअपवर धुराडी लावतात, त्यांतल्या बहुतेकांनी हेच पाहिलेले असते. शहरातला मुलगा क्रिकेटपटूची जर्सी घालून फिरतो, तसलाच हा प्रकार. त्यामुळे अशी गाडी शेजारी आली तर मला राग येत नाही. मी आधी पाहतो की वेल्डिंग नीट केले आहे की नाही. निम्म्या वेळा ते गचाळ असते, ही गोष्ट निराळी.

यंत्रणा काढण्यामागेही सगळाच माज नसतो. डेफची यंत्रणा थंडीत किंवा एखाद्या बिघडलेल्या सेन्सरमुळे रुसली, की संगणक गाडीचा वेग खाली आणतो. कापणीच्या आठवड्यात धान्याने भरलेला ट्रेलर मागे असताना असे झाले, तर माणूस काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखे नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ईपीएनेच उत्पादकांना सांगितले, की ही वेगमर्यादा सौम्य करा आणि चालकाला दुरुस्तीसाठी अधिक मुदत द्या. म्हणजे तक्रार खोटी नव्हती. शिवाय ज्या इंजिनाची गाडी आपण पाहत आहात, त्याच इंजिनाच्या उत्पादकाने २०१३ ते २०१९ या वर्षांतल्या सुमारे ६,३०,००० रॅम गाड्यांत उत्सर्जनाचे नियम चुकवणारे सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपांवरून १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. क्लीन एअर ॲक्टखालचा हा आजवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड आहे. कंपनीने गैरकृत्य कबूल केलेले नाही, पण आमच्या कॉफीच्या दुकानातल्या मंडळींना तेवढे पुरते. “मोठ्यांनी केले तर तडजोड आणि आम्ही केले तर गुन्हा का?” असे ते विचारतात आणि मला त्यावर चांगले उत्तर अजून सुचलेले नाही.

रात्रपाळी यांचे उत्तर:

उत्तर मी देते. कंपनीने भरला तो दंडच होता. त्याने शेजाऱ्याच्या झोपेवर कोणाचा हक्क प्रस्थापित होत नाही.

मी ह्यूस्टनजवळ राहते आणि रुग्णालयात रात्रपाळीला परिचारिका आहे, म्हणजे माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते. आमच्या गल्लीत असाच एक ट्रक आहे. त्याचा आवाज नुसता मोठा असता तर कान झाकून भागले असते. पण मोकळ्या डिझेल एक्झॉस्टचा आवाज खालच्या पट्टीतला असतो आणि असा आवाज भिंती, खिडक्या, उशी या सगळ्यांतून आरपार येतो. कानांत घालायचे बोळे शिट्टी अडवतात, घुमार नाही. माझ्या पलंगाशेजारच्या टेबलावरचा पाण्याचा पेला ट्रक मंद गतीवर उभा असताना बारीक किणकिणतो आणि थंडीच्या दिवसांत गृहस्थ इंजिन तापवण्यासाठी ट्रक चांगला वेळ तसाच उभा ठेवतात.

डेसिबलचा हिशेब समजून घेतला तर वाद निम्मा होईल. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तासांहून अधिक राहू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. त्यामुळे मक्याच्या देशात यांनी पहिल्या रांगेत बोळे घातले हे उत्तमच केले, पण त्यांच्याकडे तिकीट काढण्याचा पर्याय होता. मला माझ्या अंथरुणात कोणी तो दिला नाही.

यात गंमत अशी, की दहा हजार पौंडांहून अधिक एकूण वजनक्षमतेच्या ट्रकांना केंद्रीय नियमाने पन्नास फुटांवर ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि ती १९८८ पासूनच्या गाड्यांना लागू आहे. हा नियम उत्पादकासाठी असून तो हलक्या पिकअपना लागू नाही. त्यांचे सगळे राज्याच्या कायद्यावर आणि गावच्या पोलिसांच्या उत्साहावर सोपवलेले आहे. ईपीएचे ध्वनिनियंत्रणाचे कार्यालय १९८२ च्या सुमारास निधीअभावी गुंडाळले गेले, ते पुन्हा उघडले नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये बेकायदा एक्झॉस्टसाठीचा दंड हजार डॉलरपर्यंत वाढवला आणि न्यूयॉर्क शहरात तर ध्वनिमापक बसवलेले कॅमेरे आहेत. आमच्या भागात मात्र हवालदार स्वतःच तसला ट्रक चालवतो, त्यामुळे मी तक्रार करण्याच्या फंदात पडले नाही.

मी शेजाऱ्यांकडे गेले आणि माझ्या पाळीचे वेळापत्रक त्यांना दिले. ते वाईट गृहस्थ नाहीत. सकाळी ट्रक तापवायचा असेल तर ते आता तो कोपऱ्यावरच्या चर्चच्या मोकळ्या वाहनतळावर नेतात. तरी कोलंबसकर, आपण पहाटे साडेपाचला निघता हे आपणच लिहिले आहे. आपल्या वसाहतीत माझ्यासारखी एखादी व्यक्ती, तान्हे मूल किंवा आजारी वृद्ध असणारच. वहिनींचे ऐका.

दोन चाके यांचे उत्तर:

मी डेन्व्हरमध्ये सायकल चालवतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे, म्हणजे मनात काय येते याचे, उत्तर माझ्याकडे तयार आहे. माझ्या मनात पहिल्यांदा रस्त्याच्या कडेची जागा किती आहे हा विचार येतो.

धुराडी लावलेला प्रत्येक चालक वाईट असतो असे मी म्हणत नाही. परंतु सायकलस्वार, पायी चालणारे किंवा विजेवर चालणाऱ्या मोटारी पाहून मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबून काळा धूर सोडण्याला इथे ‘रोलिंग कोल’ असे नाव पडण्याइतका तो प्रकार रूढ झाला आहे. न्यू जर्सीने २०१५ मध्ये आणि आमच्या कोलोरॅडोने २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. आमच्याकडचा दंड शंभर डॉलर आहे, म्हणजे एका क्रोमच्या टोकाच्या किमतीइतका. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासच्या वॉलर काउंटीत सराव करणाऱ्या सहा सायकलस्वारांना एका सोळा वर्षांच्या मुलाच्या पिकअपने उडवले आणि तो त्याआधी त्यांच्यावर धूर सोडत होता असे तिथल्या साक्षीदारांनी सांगितले. कोलंबसकर यांच्या घरी सतरा वर्षांचे चिरंजीव आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले. गाडी चांगल्या मुलाच्या हातात असली, तरी शेजारच्या आसनावर बसलेले मित्र “जरा दाखव ना” म्हणणारच, आणि बटण दाबले की धूर निघतो अशी सोय गाडीत आधीच केलेली आहे.

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकले, म्हणजे तो माणसात कर्करोग घडवतो याचा पुरेसा पुरावा आहे असे म्हटले. त्यामुळे जर्सीची उपमा मला पटली नाही. जर्सी दुसऱ्याच्या फुप्फुसात जात नाही. यूटामध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने दूरचित्रवाणीवर गाजलेल्या डिझेल ट्रकवाल्यांवर दावा लावला आणि २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना साडेआठ लाख डॉलरच्या आसपास दंड ठोठावला, तो याच कारणासाठी.

पंचगंगेकाठचा यांचे उत्तर:

आमच्याकडे पिकअप म्हणजे भाजीपाल्याची गाडी, त्यामुळे धुराड्यांविषयी मी काय बोलणार! पण चर्चा वाचताना आमच्या बुलेटवाल्यांची आठवण झाली. कंपनीचा सायलेन्सर काढायचा, फटाके फुटल्यासारखा आवाज करणारा बसवायचा आणि महाविद्यालयाच्या दारावरून तीन फेऱ्या मारायच्या. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलीस असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात आणि छायाचित्रकारांना बोलावतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिने लायसन्स जाते. रोडरोलरचा कार्यक्रम झाला की आठवडाभर शांतता असते. मग सायलेन्सर विकणाऱ्या दुकानांत पुन्हा गर्दी होते, कारण दुकानांवरून रोलर कोणी फिरवत नाही. डिझेलवाला म्हणतात की तिकडे कारवाई दुकानांवर होते. ते मला अधिक शहाणपणाचे वाटले.

कोलंबसकर यांचे प्रत्युत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताईंचे उत्तर सौभाग्यवतींना वाचून दाखवले, त्यामुळे घरातला एक वाद मी हरलो असे समजा. आता माझ्यापुढे दोनच वाटा दिसतात. एक तर ही गाडी सोडून द्यावी, नाही तर किंमत आणखी पाडून ती घ्यावी आणि काढलेली सगळी यंत्रणा परत बसवावी. तसे केल्यास धुराडी दिसण्यापुरती ठेवता येतील का, असे चिरंजीव विचारत आहेत. त्यांचे म्हणणे असे, की डिझेलवाला काकांनीच पहिल्या परिच्छेदात तशी सवलत दिली आहे.

डिझेलवाला यांचे उत्तर:

चिरंजीव वाचन लक्षपूर्वक करतात, हे पाहून आनंद झाला. सवलत मी दिली होती, पण ती कॅम्पर न ओढणाऱ्या गाडीसाठी होती.

फिफ्थ व्हीलचा जोड हौद्यात, मागच्या आसाच्या थोडासा पुढे असतो आणि कॅम्परचे नाक त्याच्याही पुढे केबिनकडे आलेले असते. पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पिंगच्या तळावर तीव्र वळण घेताना त्या नाकाचा कोपरा केबिनच्या मागच्या कोपऱ्याकडे सरकतो. नेमक्या त्याच ठिकाणी आपली धुराडी उभी आहेत. आखूड हौद्याच्या गाडीत तर धुराडी नसतानाही अंतर अपुरे पडते आणि त्यासाठी मागे सरकणारा जोड बसवावा लागतो. दुसरे म्हणजे डीपीएफ परत बसवल्यावर तो ठरावीक काळाने साचलेली काजळी सुमारे सहाशे अंश सेल्सियसला जाळून स्वतःला साफ करतो. त्या वेळी बाहेर पडणारा वायू इतका तप्त असतो, की अनेक गाड्यांच्या मूळ टेलपाइपच्या टोकाशी थंड हवा आत ओढून मिसळण्यासाठी मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. तो झोत कॅम्परच्या फायबरच्या नाकापासून दोन-तीन फुटांवर सोडणे मला सुरक्षित वाटत नाही. तेव्हा यंत्रणा परत आली, तर धुराडी जावीत आणि भोकांवर पत्रा वेल्ड करून घ्यावा.

खर्चाचा निर्णय एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. काढलेला डीपीएफ आणि बाकीचे भाग विकणाऱ्याने जपून ठेवले आहेत का, हे आधी विचारा. पुष्कळ लोक ते कोठारात ठेवून देतात आणि पुष्कळ जण त्यातल्या प्लॅटिनमसाठी भंगारात विकतात. भाग हाती असले, तर कामगारी, थोडे सेन्सर आणि मूळ सॉफ्टवेअर एवढ्यात निभावेल. ते नसले, तर नव्या भागांचाच खर्च काही हजार डॉलरच्या घरात जाईल आणि स्वस्त गाडी महाग पडेल.

मक्याच्या देशात यांचे उत्तर:

वळणाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या जत्रेच्या मैदानावर कॅम्परच्या कोपऱ्याने चेपलेले धुराडे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यात कॅम्परचेच नुकसान जास्त झाले होते. भाग कोठारात असतील तर गाडी घ्या, नसतील तर सोडा. चिरंजीवांना ऑगस्टमध्ये बोलिंग ग्रीनला घेऊन या, राहायची सोय माझ्याकडे होईल. धुराडी उतरवलीच तर भंगारात देऊ नका. आमच्या इथल्या एका मुलाला सहा इंचीच हवी आहेत, आणि तो ती फक्त मैदानावर चालणाऱ्या गाडीला लावणार आहे.

कोलंबसकर यांचे प्रत्युत्तर:

विकणाऱ्याला आत्ताच दूरध्वनी केला. फिल्टर गेल्याच वर्षी भंगारात गेला, असे ते म्हणाले. मी गाडीला नकार कळवला आहे. सिमूरला कारखान्याच्या मूळ अवस्थेतली एक फोर्ड एफ-२५० विक्रीस आहे, लांब हौद्याची. शनिवारी आम्ही तिघेही ती पाहायला जात आहोत. ६.७ लिटरच्या पॉवर स्ट्रोक इंजिनाबद्दल कोणाला काही अनुभव असल्यास त्याआधी जरूर लिहावे.